वहिनींचं शिकारीचं लायसन्स

अमेरिकेतला कायदा आमच्या समोरच्या वहिनींइतका बारकाईनं वाचलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि त्या कायद्याला हात लावायची त्यांच्याइतकी सक्त मनाई असलेला माणूसही पाहिलेला नाही. समोरच्या म्हणजे अगदी शब्दशः समोरच्या. अ‍ॅशबर्न गावात, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोर त्यांचं दार होतं. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी पुण्याहून आलेला, बिनलग्नाचा, घरात एक गादी आणि दोन कॉम्प्युटर. त्यांचे यजमान माझ्याच कंपनीत मला सीनियर. त्यांना मी दादा म्हणायचो, म्हणून या वहिनी आणि मी त्यांचा भाऊजी. वहिनी नागपूरच्या. तिथल्या कोर्टात आठ वर्षं काळा कोट घालून वकिली केलेल्या, आणि मग लग्न करून दादाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर इथे आलेल्या. त्या व्हिसाचा अर्थ थोडक्यात सांगायचा तर असा, की बाई, या देशात तुम्ही स्वयंपाक करा, मॉल हिंडा, नवऱ्याची वाट बघा, काय हवं ते करा. फक्त काम करू नका.

आता आठ वर्षं रोज उभं राहून भांडलेल्या बाईला असं घरात बसवलं तर ती भांडायची थांबते का? ती मिळेल त्याच्याशी भांडते. वहिनींना बारीक अक्षरांचं वेड होतं. दुकानाची पावती आपण बघतो ती समोरून. वहिनी आधी उलटी करायच्या. कूपनच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं ते लिहिणाऱ्यानंही परत वाचलेलं नसेल, पण वहिनींना पाठ. एकदा माझा नवा मिक्सर चटणी वाटताना जळाला. मी तो फेकायला निघालो होतो. वहिनी मला ओढत दुकानात घेऊन गेल्या. मॅनेजर म्हणाला, पावतीवर स्वच्छ लिहिलंय, नेहमीच्या घरगुती वापरात बिघडला तरच बदलून देऊ, सुकं खोबरं वाटणं काही नेहमीचा वापर नव्हे. वहिनींनी पर्स काउंटरवर ठेवली. "कोणाच्या घरातला नेहमीचा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "इथे तुम्ही घर लिहिलंय. तुमचं घर असं नाही लिहिलं. आमच्या घरी चटणी रोज होते." मागे रांग लागली होती. मॅनेजरनं दोनदा पावती वाचली आणि मुकाट्यानं नवा मिक्सर दिला. बाहेर पडल्यावर वहिनी म्हणाल्या, "फारच लवकर सोडलं बाप्पा त्यानं. मजाच नाही आली."

त्यांनी माझं वकीलपत्र घेतलं की माझ्या छातीत धडधडायचं, कारण केस त्या जिंकायच्या आणि शिक्षा मला व्हायची. आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला नियम होता, की प्रत्येक कुटुंबानं दहा जणांना पुरेल असा एक पदार्थ आणायचा आणि एकट्या मुलांनी नुसत्या कागदी प्लेटा. मी खूष होतो. वहिनी भडकल्या. एकटा माणूस म्हणजे कुटुंब नाही का? ही काय पद्धत? अध्यक्षांच्या दारात उभं राहून त्यांनी कुटुंब या शब्दाची अशी काही चिरफाड केली, की अध्यक्ष शेवटी हात जोडून म्हणाले, वहिनी, हा मुलगा कुटुंब आहे, संपूर्ण कुटुंब आहे, मला जेवू द्या. त्या दिवाळीला मी आदल्या रात्रीपासून दहा माणसांची बटाट्याची भाजी करत बसलो होतो, आणि वर वहिनीच विचारत होत्या, "न्याय मिळाला की नाही?"

माझ्याशी तर त्यांचं रोजचं होतं. मी पुण्याचा, वरणात गूळ घालणारा. त्यांच्या मते हा गुन्हा होता आणि तोही दखलपात्र. मी वाटीत वरण घेऊन गेलो की त्या चमचा तोंडात घालून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, हे वरण आहे की श्रीखंड?" मग अर्धा तास पुणं विरुद्ध नागपूर. दादा सोफ्यावर बसून टीव्हीचा आवाज वाढवायचा. दादा म्हणजे माणूस सोन्यासारखा, पण भित्रा. गाडी मर्यादेच्या पाच मैल खालीच चालवणार. प्रत्येक कागदाची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. आणि टॉवर पडले त्या सप्टेंबरनंतर त्यानं दाढी एक दिवसही वाढू दिलेली नव्हती. तापानं फणफणला असतानाही बेसिनशी उभा राहून दाढी करताना मी त्याला पाहिलंय.

वहिनी थोडे दिवस काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टातही जायच्या. काम नव्हतं, नुसत्या बसायला. तिकडे कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं हे त्यांनी अर्थातच वाचून काढलेलं होतं. सिग्नल तोडलेल्या, वेगानं गाडी हाकलेल्या लोकांच्या केसेस चालायच्या आणि वहिनी मागे बसून पुटपुटायच्या. एकदा म्हणे एका वकिलानं साधा प्रश्न विचारायचा सोडून दिला, तर यांच्या तोंडून मोठ्यानं "अरे विचार ना!" निघून गेलं, मराठीत. शिपायानं येऊन ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मग त्यांनी गरिबांना कायद्याचा फुकट सल्ला देणाऱ्या एका ऑफिसात विचारलं, मी पैसे घेणार नाही, फायली लावेन, चहा करेन, मला नुसतं येऊ द्या. तिथल्या लोकांनी व्हिसा कुठला ते विचारलं, विचारून सांगतो म्हणाले, आणि सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात वहिनी गप्प झाल्या. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग एके दिवशी मी मुद्दाम वरणात दुप्पट गूळ घालून ते त्यांच्याकडे नेलं. त्यांनी खाल्लं आणि म्हणाल्या, "छान झालंय." खरंच सांगतो, एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. मी दादाला जिन्यात गाठलं आणि म्हटलं, अरे वहिनींना काहीतरी होतंय. तो म्हणाला, थंडीनं होतं असं, ग्रीन कार्ड आलं की सगळं ठीक होईल. किती दिवसांत येईल, विचारलं तर चार-पाच वर्षं म्हणाला. तोपर्यंत या बाईचं काय उरणार होतं?

उन्हाळ्यात एका शनिवारी मी त्यांना लायब्ररीतून घरी आणत होतो. मांडीवर त्यांनी दारातल्या मांडणीवरचे चार-पाच कागद घेतले होते. फुकट मिळणारं छापील काहीही त्या सोडत नसत. अर्ध्या रस्त्यात ओरडल्या, "भाऊजी, गाडी थांबवा!" मी दचकून एका पेट्रोल पंपावर घेतली. वहिनींच्या हातात एक घडीपत्रक होतं, त्यावर नारिंगी जाकीट घातलेला माणूस आणि झाडी. शिकारीचं लायसन्स काढायच्या आधी करावा लागणारा सुरक्षेचा कोर्स. शनिवार-रविवार, फायर स्टेशनच्या हॉलमध्ये. फी नाही. बारा वर्षांवरच्या कोणालाही प्रवेश. "वाचा," त्या म्हणाल्या. मी वाचलं. म्हटलं, बरं, मग? "नीट वाचा ना. नाव विचारलंय, पत्ता विचारलाय, जन्मतारीख विचारलीय. बस. मी कोणाची बायको आहे ते विचारलंच नाही! या देशात आल्यापासून पहिला कागद पाहून राहिली मी असा."

मी हसलो. म्हटलं, वहिनी, व्हिसावर असलेल्यांना बंदुकीला हात लावता येत नाही, एवढं मलाही माहीत आहे. त्यांचे डोळे असे चमकले की मला मिक्सरचा मॅनेजर आठवला. "हौ, येत नाही. पण अपवाद आहे." घरी आल्या आल्या त्यांनी कॉम्प्युटरवर कलम काढून दाखवलं. व्हिसावाल्यानं बंदूक बाळगायची नाही, हा नियम. ज्याच्याकडे शिकारीचं रीतसर लायसन्स आहे त्याला चालेल, हा अपवाद. मी आ वासून बघत राहिलो. म्हणजे शाळेत शिकवायला मनाई, दुकानात बिलं करायला मनाई, फुकट फायली लावायलाही कोणी घेत नाही, आणि हरणावर गोळी झाडायला परवानगी! "जाणारच मी," वहिनी म्हणाल्या. "कायद्यानं माझ्यासाठी एकच दार उघडं ठेवलंय, तर त्यातून जाऊन पाहायला नको?"

दादानं ऐकलं आणि त्याचा चहा बशीत सांडला. "वेड लागलंय का तुला? ग्रीन कार्डाचा अर्ज आत आहे आपला. तुझं नाव आणि बंदूक एका ओळीत कशाला आणायचं? आपल्या रंगाच्या माणसाकडे लोक कसे बघतात, माहीत नाही?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बंदूक नाही घेणार मी. परीक्षा देणार आहे. जे कायद्यात लिहिलंय ते करायलाही भ्यायचं असेल, तर मग न भिता करायचं काय?" दादानं गाडीची किल्ली उचलली आणि खिशात घातली. म्हणून ड्रायव्हर म्हणून मी. मंडळातही बातमी पोचली. एक काकू मुद्दाम फोन करून म्हणाल्या, अगं, मुक्या जिवाला मारायचं शिकणार तू? वहिनींनी विचारलं, "काकू, परवा तुमच्याकडे बिर्याणी होती. ती कोंबडी काय म्हातारपणानं गेली होती?" फोन तिकडूनच ठेवला गेला. वहिनींनी रिसीव्हर ठेवला आणि गाणं गुणगुणत पोळ्या लाटायला गेल्या. किती दिवसांनी मी ते ऐकत होतो!

फायर स्टेशनच्या हॉलमध्ये आम्ही शिरलो तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. बाप आणि पोरं, पोरं आणि आजोबा, सगळे झाडाच्या पानांच्या छापाच्या कपड्यांत. आणि त्यांच्यात जांभळा सलवार-कमीज, वर एसीच्या गारठ्यासाठी स्वेटर, कपाळाला टिकली, हातात कोर्सचं पुस्तक, त्यात तीन रंगांच्या पेन्सिलींच्या खुणा, आणि दुसऱ्या हातात साबुदाण्याच्या वड्यांचा भलाथोरला डबा. परीक्षेला निघताना खातात तशी दही-साखर खाऊन आलेली ती एकमेव शिकारी असणार. मी गाडीतच बसतो म्हणत होतो. "बसून काय करणार? या आत, नाव लिहा," असं म्हणून त्यांनी माझंही नाव घातलं. शिकवणारा मास्तर निवृत्त झालेला, पोट सुटलेला, झुपकेदार मिशांचा माणूस होता. आम्हाला बघून त्याच्या मिशा किंचित हलल्या, पण म्हणाला एवढंच, की पुढे बसा, पुढे जागा आहे.

पहिला धडा असा, की प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा, आपल्या डोळ्यांनी तपासेपर्यंत कोणाच्या शब्दावर विसंबू नका. वहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "हे लग्नाआधी शिकवायला पाहिजे." दुसरा धडा, नळीचं तोंड कधीही माणसाकडे नको. इथे माझी वाट लागली. हॉलच्या मधोमध एक लाकडी कुंपण उभं केलं होतं, आणि दोघांनी मिळून खोट्या बंदुका घेऊन ते ओलांडायचं होतं. एकानं दोन्ही बंदुका धरायच्या, दुसऱ्यानं पलीकडे जायचं, मग बंदुका द्यायच्या. साधी गोष्ट. मी बंदूक दिली की नळी वहिनींच्या पोटाकडे. परत केलं, तर मास्तरच्या पोटाकडे. मास्तर दमलेल्या आवाजात म्हणाला, "मुला, तू आत्ता तुझ्या वहिनीला मारलंस. आणि मग मला मारलंस." सगळी पोरं फिदीफिदी हसली. कॉम्प्युटर इंजिनिअर म्हणून माझी जी काही इज्जत होती ती त्या कुंपणावर लटकून राहिली.

दुपारनंतर कायद्याचा भाग सुरू झाला आणि मास्तरचं नशीब फिरलं. त्यानं सांगितलं, की दुसऱ्याच्या जमिनीत शिरायचं तर आधी परवानगी. वहिनींचा हात वर. तोंडी की लेखी? मास्तरनं सांगितलं. हात वर. मालक दोन असतील आणि एक नाही म्हणाला तर? मास्तरनं टोपी काढली. हात पुन्हा वर. "समजा, मी हरणाला गोळी मारली माझ्या बाजूला आणि ते पडलं शेजाऱ्याच्या बाजूला. ते कोणाचं?" मास्तर म्हणाला, शेजाऱ्याला विचारून आणायचं. "आणि तो नाही म्हणाला तर?" तर गेलं हरीण. "हे कुठे लिहिलंय?" मास्तरनं पुस्तकात बोट ठेवलं. वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या, इथे एवढंच लिहिलंय, की मी आत जायचं नाही. हरीण त्याचं झालं असं कुठे लिहिलंय?

आणि मग तो हॉल पेटला. मागून एक दाढीवाला म्हणाला, बाईंचं बरोबर आहे, माझं असंच झालं होतं. दुसरा म्हणाला, अजिबात बरोबर नाही. पोरं बाजूला राहिली आणि बाप भांडायला लागले. वड्यांच्या सुट्टीत वहिनींभोवती घोळका. प्रत्येकाचं काहीतरी होतंच. कोणाच्या ओढ्याचं, कोणाच्या शेजाऱ्याच्या कुत्र्यांचं. एक म्हातारा शेतकरी होता, एका कानात यंत्र, त्याचं म्हणणं शेजाऱ्यानं कुंपण सरकवलंय. वहिनी प्रत्येकाला आधी बजावायच्या, "मी इथली वकील नाही, मी सल्ला देऊन नाही राहिली, नुसतं बोलून राहिली," आणि मग असा एक प्रश्न विचारायच्या की तो माणूस विचारात पडून वडा खायचा थांबायचा. मी लांबून बघत होतो. बोलता बोलता त्यांनी स्वेटरच्या दोन्ही कडा छातीशी धरल्या होत्या, कोर्टात कोटाच्या धरतात तशा. त्यांना कळलंही नव्हतं. मला एकदम भरून आलं. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि फायरच्या लाल गाडीमागे उभा राहून डोळे पुसले. त्यात लाज कसली?

रविवारच्या परीक्षेत वहिनींचं एकच उत्तर चुकलं. म्हणजे मास्तरच्या मते चुकलं. वहिनींनी पेपर घेऊन त्याच्या टेबलाशी ठाण मांडलं. प्रश्नच असा घातलाय की दोन्ही उत्तरं बरोबर होतात, हे त्याला दाखवून दिलं. मास्तर मिशीवरून हात फिरवत म्हणाला, मॅडम, घ्या तुमचा मार्क, मला घरी जायचंय. "दया म्हणून नको," वहिनी म्हणाल्या. "मुद्दा पटला असेल तरच द्या." त्यानं चष्मा लावून प्रश्न पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाला, "पटला." मी नापास झालो. बारा वर्षांची पोरं पास झाली आणि एम.ई. झालेला मी नापास. वहिनींनी लगेच विचारलं, "अपील करायचं का भाऊजी?" मी त्यांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले.

लायसन्स काढायला खेळाच्या सामानाच्या दुकानात जावं लागतं. त्या दिवशी दादा स्वतः म्हणाला, मी ड्राइव्ह करतो. का ते सांगितलं नाही. आत आल्यावर मात्र तो मासे पकडायच्या गळांपाशी असा उभा राहिला, की आम्हाला ओळखतच नाही. काउंटरवरच्या पोरानं सोशल सिक्युरिटीचा नंबर विचारला. वहिनींकडे तो कुठून असणार? काम करायची परवानगी नसलेल्यांना तो देतच नव्हते. पोरगा म्हणाला, मग नाही होणार. मी दादाकडे पाहिलं. त्यानं गळ घट्ट धरला होता. वहिनींनी पर्समधून नियमांचं पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं आणि नंबर नसलेल्यांनी काय करायचं ते सांगणाऱ्या सगळ्यात खालच्या ओळीवर नख ठेवलं. पोरानं फोन लावला, पलीकडच्यानं आणखी कुणाला विचारलं, आणि शेवटी मशीनमधून एक कागद सर्रकन बाहेर आला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यावर फक्त त्यांचं नाव होतं. दादा जवळ आला, कागद बघितला, आणि म्हणाला, "झेरॉक्स काढून ठेवू."

त्या कधी शिकारीला गेल्या नाहीत. मंडळात लोक डिवचायचे, काय मग, किती हरणं? वहिनी म्हणायच्या, "हक्क वापरलाच पाहिजे असं नाही. असला पाहिजे." आणि पुन्हा सगळं सुरू झालं. माझं वरण श्रीखंड झालं, अपार्टमेंटच्या ऑफिसातल्या बाई वहिनींना बघून टेबलाखाली काहीतरी शोधायला लागल्या. मला वाटलं, सुटलो. परत आल्या आमच्या वहिनी.

मग ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी तो यंत्रवाला म्हातारा पिकअप घेऊन दारात आला. मास्तरकडून पत्ता काढून, सफरचंदांची पेटी घेऊन. मी वहिनींकडेच जेवत होतो. तो सोफ्याच्या काठावर बसला आणि सांगायला लागला, की कुंपणाचं प्रकरण आता कोर्टात गेलंय, पुढच्या आठवड्यात उभं राहायचंय, शेजाऱ्याचा वकील फार बोलतो, मला नीट ऐकूच येत नाही, मी गडबडून जातो. वर्गात तुम्ही एक प्रश्न विचारलात आणि माझ्या डोक्यात उजेड पडला होता. मला एवढंच सांगा, तिथे जाऊन काय बोलू?

वहिनींना उत्तर माहीत होतं. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते आलेलं पाहिलं, ओठांपर्यंत आलेलं. दादा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकला होता. पण तो मध्ये पडला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. वहिनी म्हणाल्या, "मला परवानगी नाही." म्हाताऱ्यानं कानातलं यंत्र नीट केलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, हळू आणि स्वच्छ. वर्गातलं बोलणं वेगळं होतं, ही तुमची उभी केस आहे, तिच्यात बोलायला इथलं लायसन्स लागतं. तो म्हणाला, मी कोणाला सांगणार नाही, देवाशपथ. "तुम्ही नाही सांगणार. पण मला माहीत असेल ना." त्यांनी त्याला त्या फुकट सल्ला देणाऱ्या ऑफिसाचा पत्ता दिला, लवकर जा म्हणाल्या, दारापर्यंत पोचवलं. तो बिचारा सफरचंदं ठेवून गेला.

दार लावून त्या तिथेच उभ्या राहिल्या. कायदा मोडणं त्यांना शक्यच नव्हतं. तो मोडला असता तर त्या वकीलच उरल्या नसत्या. "हरणावर गोळी झाडायला मी चालते भाऊजी," त्या म्हणाल्या. "माणसाच्या बाजूनं एक वाक्य बोलायला नाही चालत." मला वाटलं रडतील. त्या दादाकडे वळल्या. "मी परत जाऊन राहिली. नागपूरला. माझं नाव काढ त्या अर्जातून." दादानं ट्रे खाली ठेवला. तो पुष्कळ बोलला; इतकी वर्षं काढली, अजून थोडी, मग इथेच परीक्षा दे, इथेच कोट घाल. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं सगळं बरोबर आहे. पण तोपर्यंत मी गप्प बसायला शिकून गेली असेन. मागच्या थंडीत थोडी शिकली होती. मला ते यायला नको आहे." दादानं मान खाली घातली. मी जेवण टाकून घरी आलो.

महिन्याभरात त्या गेल्या. दादा राहिला, अर्ज धरून. सकाळी दाढी करून ऑफिसला यायचा, संध्याकाळी माझ्याकडे वरण-भात खायचा. आणि मग पुढच्या वर्षी, ग्रीन कार्डाची रांग अचानक पुढे सरकून त्याचा नंबर अगदी जवळ आला असताना, त्या भित्र्या माणसानं एक दिवस राजीनामा दिला. सगळं मंडळ त्याला वेड्यात काढत होतं. मी विचारलं, दादा, नक्की ना? म्हणाला, "ती तिकडे एकटी भांडतेय रे. आणि इकडे मला कोणी काही बोलतच नाही." विमानतळावर मी त्याला सोडलं तेव्हा त्याची दाढी दोन दिवसांची होती.

दोन हजार आठमध्ये मी नागपूरला फोन केला. काम काही नव्हतं, आवाज ऐकावासा वाटला. मागे माणसांचा गलका, कोणीतरी कोणाच्या तरी नावाचा पुकारा करतंय. "भाऊजी! बोला पटकन, माझी मॅटर लागून राहिली. काही विशेष?" मी म्हटलं, नाही, असंच. "असंच असेल तर रविवारी करा बाप्पा," आणि फोन बंद. मी हसलो. रविवारी केला. दादानं उचलला. म्हणाला, "अरे, ती अशिलाकडे गेलीय, कुंपणाचीच काहीतरी भानगड आहे. रात्रीशिवाय येत नाही." मी म्हटलं, बरं, मग ठेवतो. तो घाईघाईनं म्हणाला, "ठेवू नकोस ना. माझ्याशी बोल." मग आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो, वहिनींबद्दलच.